शेजाऱ्याची हजेरी

बस स्टँडबाहेर पडायच्या आधीच गाईडबाईंनी माइक हातात घेऊन नियम सांगितला.

"माझ्या बसमध्ये डोकी मोजत नाहीत. पूर्वी मी मोजायचे. एकदा बावीस माणसं नेली, बावीस परत आणली, आणि स्टँडवर उतरल्यावर कळलं की त्यातला एक दुसऱ्याच बसचा होता. आपला माणूस वरच राहिला होता. तेव्हापासून इथे हजेरी असते. पण स्वतःची हजेरी कोणी द्यायची नाही, शेजाऱ्याची द्यायची. मी बाकाचा नंबर पुकारीन. दोघांनी एकमेकांकडे बघायचं आणि एकाने 'आहे' म्हणायचं. जो बोलला तो आहेच, आणि त्याने शेजाऱ्याची खात्री दिली, म्हणजे दोघे आले. स्वतःच्या बाबतीत माणूस खोटं बोलतो, शेजाऱ्याच्या बाबतीत बोलत नाही."

"शेजाऱ्याच्या बाबतीतच जास्त बोलतो," पुढून ड्रायव्हर म्हणाला.

"तू रस्त्याकडे बघ," बाई म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, "हा माझा सख्खा धाकटा भाऊ. आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटायचं बाई ड्रायव्हरला फार बोलतात."

सगळे हसले. सहल साठीच्या पुढच्यांसाठी होती. सकाळी सातला निघायचं, डोंगर चढून खिंडीत थांबायचं, पलीकडे उतरून जेवायचं, दुपारी तळ्यात होडीतून एक फेरी मारायची आणि दिवस मावळायच्या आत परत. माझं तिकीट मुलीने काढलं होतं. "बाबा, चौतीस वर्षं ज्या तळ्याचं पाणी लोकांना सोडलंत ते एकदा बघून तरी या," असं ती म्हणाली. मी पाणीपुरवठ्यात होतो. ठरलेल्या वेळी व्हॉल्व्ह उघडायचे, ठरलेल्या वेळी बंद करायचे आणि उरलेल्या वेळात गळती शोधत फिरायचं. लोखंडी सळईचं एक टोक पाइपावर ठेवायचं, दुसरं कानाला लावायचं. पाणी कुठून येतं हे बघायला जावं असं कधी मनात आलं नाही. ते येत होतं, एवढं पुरे होतं.

बायको जाऊन पाच महिने झाले होते. सहलीला नाही म्हटलं असतं तर मुलीला कारणं द्यावी लागली असती, आणि कारणं देण्यापेक्षा जाणं सोपं होतं. म्हणून गेलो.

आमचा बाक पाचवा. मी सवयीने मधल्या वाटेच्या बाजूला बसलो. खिडकी तिची असायची. अडतीस वर्षं दर रविवारी आम्ही बसने तिच्या बहिणीकडे जायचो. सव्वा तासाचा रस्ता. पहिल्या वळणाला ती खिडकीला डोकं टेकायची आणि झोपायची. तिकिटं, पिशवी, उतरायचं ठिकाण, हे सगळं माझ्याकडे.

माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ आले. अंगाने किडकिडीत, डोक्यावर पिवळी टोपी.

"खिडकी मला? अहो, माझी बायकोसुद्धा देत नाही," ते म्हणाले आणि आत सरकले. "माझं सलून आहे. आहे म्हणजे आता मुलगा बघतो, मी फक्त त्याच्या चुका काढायला जातो. तुम्ही?"

"पाणीपुरवठा."

"म्हणजे तुम्ही पाणी सोडायचात आणि मी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर घालायचो. एकाच धंद्यातले आपण. खरं की नाही?"

हे 'खरं की नाही' त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी होतं, आणि उत्तर मिळेपर्यंत ते थांबायचे. मान हलवून भागायचं नाही. तोंडाने हो म्हणावं लागायचं. पहिल्या तासात मला त्यांच्या सलूनच्या तीन खुर्च्या, दोन आरसे, एक भांडखोर शेजारी आणि त्यांची साखर, एवढं सगळं माहीत झालं. साखर म्हणजे आजार. सकाळी सातला खाऊन गोळी घ्यायची, मग साडेदहाला दोन बिस्किटं आणि साडेबाराला जेवण. साडेबाराच्या ठोक्याला बायकोचा फोन यायचाच, खाल्लं का म्हणून. "घड्याळ मागे पडेल, ती पडणार नाही. खरं की नाही?"

"मला काय माहीत," मी म्हणालो.

"तेही खरं," ते म्हणाले आणि पुढे बोलत राहिले.

पहिल्या दोन थांब्यांवर काही अडचण आली नाही. बाईंचा गुडघा दुखत होता, म्हणून त्या दारापाशी उभं राहूनच नंबर पुकारायच्या. "पाच?" म्हटलं की सलूनवाले ओरडायचे, "आहेत, पण बोलत नाहीत." बस हसायची. मला राग आला नाही, पण मला शांतता हवी होती. बाहेर डोंगर चांगले होते. एकामागे एक उभे होते आणि मागचा पुढच्यापेक्षा फिका दिसत होता. हे नीट बघावं असं वाटायचं आणि तेवढ्यात शेजारून प्रश्न यायचा.

साडेअकराला आम्ही खिंडीत पोचलो. पुढचा चार किलोमीटरचा उतार अरुंद आहे. दोन्ही टोकांना फाटक आहे. ठरलेले तास वरच्या गाड्या खाली सोडतात, मग ठरलेले तास खालच्या वर. "वीस मिनिटं," बाई म्हणाल्या. "एक मिनिट जास्त झालं तर शनिवारच्या गर्दीत अडकलो म्हणून समजा."

वाऱ्याला धार होती, पण ऊनही होतं. रस्त्याकडेला दगडी कट्टा होता, तिथून खाली तळ्याचं एक टोक दिसत होतं.

"चाळीस पायऱ्या उतरलं की आणखी एक कट्टा आहे म्हणतात," सलूनवाले म्हणाले. "तिथून धबधबा दिसतो. येताय?"

"नको. तुम्ही जाऊन या."

"कोट बसमध्येच ठेवतो. बॅगही. चाळीस पायऱ्यांना बॅग कशाला? खरं की नाही?"

"खरं," मी म्हणालो. त्यांनी जावं एवढंच मला हवं होतं.

मी पाच मिनिटं तळं बघितलं आणि बसमध्ये येऊन बसलो. काचेतून ऊन येत होतं. डोळे मिटले. हॉर्न वाजला, लोक चढले, पिशव्या सरकल्या. पुढून आकडे ऐकू येऊ लागले. एक, आहे. दोन, आहे. शेजारी शांत होतं. खिडकीच्या बाजूने कापडाचा स्पर्श होता आणि ऊब होती.

"पाच?"

"आहे," मी म्हणालो. "झोप लागलीय."

मी बघितलं नाही. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. मी स्वप्नात नव्हतो, पुरता जागाही नव्हतो. बस सुरू झाली आहे, खिडकीशी शांत आहे, म्हणजे ती झोपली आहे. अडतीस वर्षांच्या रविवारांनी माझ्याकडून उत्तर दिलं. बाईंनी पुढचा नंबर पुकारला, दार बंद झालं आणि बस फाटकातून उताराला लागली. मला फार दिवसांनी बरं वाटत होतं.

फोनने जागा झालो. बस खालच्या फाटकाशी जेवणाच्या शेडजवळ उभी होती आणि लोक उतरत होते. फोन शेजारच्या बॅगेत वाजत होता. बॅगेवर कोट होता. कोटाच्या आत कोणी नव्हतं.

फोन वाजून थांबला आणि परत वाजू लागला. मी बाहेर काढला. त्यावर 'घर' असं लिहिलं होतं.

"खाल्लं का?" बाईचा आवाज. हॅलो नाही, काही नाही.

"वहिनी, मी त्यांचा बसमधला शेजारी बोलतोय."

"हे कुठायत?"

हात धुवायला गेलेत, येतील एवढ्यात, असं एक वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

"ते बसमध्ये नाहीत. वर खिंडीत राहिलेत. चूक माझी आहे. ते आलेत असं मी सांगितलं, आणि ते आले नव्हते."

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बस निघून किती वेळ झाला?"

"चाळीस मिनिटं."

"साडेदहाची बिस्किटं खाल्ली होती?"

मी आठवून बघितलं. साडेदहाला ते मला मुलाच्या चुका सांगत होते. "नाही, वहिनी."

"बरं. बॅगेचा पुढचा कप्पा उघडा. ग्लुकोजची पुडी आहे? पाण्याची बाटली?"

"आहे. दोन्ही आहे."

"आता ऐका. ते कुठेतरी बसलेले सापडतील. गरगरायला लागलं की ते बसतात, एवढी अक्कल मी त्यांना शिकवलीय. झोपल्यासारखे दिसतील. झोपू द्यायचं नाही. हलवायचं, मोठ्याने हाक मारायची. डोळे उघडले, बोलता आलं, तर आधी साखर द्यायची, घोटघोट. ते आधी बोलायला लागतील. ऐकून घ्यायचं नाही. आधी साखर. आणि काही झालं तरी मला फोन करा. मी इथेच बसलेय."

झोपल्यासारखे दिसतील.

पाच महिन्यांपूर्वी दुपारी चार वाजता मुलीचा फोन आला होता. आईला दे म्हणाली. मी खोलीच्या दारातून नजर टाकली. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, पांघरूण खांद्यापर्यंत होतं. "झोप लागलीय तिला," मी मुलीला म्हणालो, "उठली की सांगतो." तिची झोप मोडू नये म्हणून दार लोटून घेतलं आणि पेपर वाचत बसलो. साडेपाचला दोन कप चहा केला आणि आत गेलो. डॉक्टर म्हणाले, तीनच्या सुमारासच गेल्या असाव्यात, तुम्ही चारला जवळ गेला असतात तरी काही फरक पडला नसता. मुलगीही तेच म्हणाली. खरं असेल. पण मी जवळ गेलो नव्हतो, हेही खरं आहे.

मी बॅग खांद्याला अडकवली, कोट हातात घेतला आणि खाली उतरलो.

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला डबा तसाच राहिला. त्या लंगडत फाटकवाल्याच्या खोलीकडे निघाल्या. मी मागे गेलो. फाटकवाल्याने वरच्या फाटकाला फोन लावला, गाड्या सोडणं बंद कर म्हणून सांगितलं आणि कट्ट्यावर कोणी दिसतंय का विचारलं. कोणी दिसत नव्हतं.

"खालच्या कट्ट्यावर बघायला सांगा," मी म्हणालो.

"त्याच्याकडे गाड्यांची रांग लागलीय, तो एकटा आहे. फाटक सोडून गेला तर कोणीतरी घुसेल आणि मधे समोरासमोर अडकतील." त्याने घड्याळ बघितलं. "सुटलेल्या गाड्या खाली यायला पाऊण तास. त्या आल्या की माझी जीप वर पाठवतो."

"पाऊण तास नाही आपल्याकडे. पायवाट आहे का?"

"आहे. रस्त्याच्या कामगारांची. अर्ध्या तासात वर जाते. पण चढ आहे, काका."

"मी जाते," बाई म्हणाल्या.

"ताई, तू गेलीस तर तुला आणायला आणखी एक बस लागेल," त्यांचा भाऊ म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "मी जातो."

"तुला बस सोडता येत नाही. जीपच्या मागे बस घेऊन जायची वेळ आली तर?"

मी वाद घालत बसलो नाही. मी चौसष्टचा आहे, आणि प्रवाशांत त्यातल्या त्यात तरुण मीच होतो. चौतीस वर्षं टाक्यांच्या शिड्या चढलो आहे. निघालो.

वाटेचं काय सांगणार? दगडात खोदलेल्या पायऱ्या होत्या, काही ठिकाणी पायऱ्याही नव्हत्या. सुरुवातीला धावायचा प्रयत्न केला आणि शंभर पावलांत कळलं की असं पोचणार नाही. मग एका चालीने चढत राहिलो. तोंडाला कोरड पडली. पाणी बॅगेत होतं, पण ते त्यांचं होतं. वळणावळणाला गाड्या खाली येताना दिसायच्या, आतली मुलं मला हात करायची. मी देवाधर्माचा माणूस नाही. कोणाला उद्देशून म्हणत होतो माहीत नाही, पण प्रत्येक पायरीला एकच म्हणत होतो, बसलेले असू देत.

वरच्या कट्ट्यावर पोचलो. कट्टा रिकामा. चाळीस पायऱ्या खाली उतरलो. खालच्या कट्ट्याच्या कोपऱ्यात, वारा लागणार नाही अशा जागी, ते भिंतीला पाठ टेकून बसले होते. टोपी मांडीवर, हनुवटी छातीवर. शांत झोपल्यासारखे.

मी दोन पावलांवर थांबलो. थांबलो ते अगदी क्षणभर, पण थांबलो. मग गेलो आणि दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. शर्ट घामाने ओला होता.

"सलूनवाले! अहो, उठा. डोळे उघडा."

डोळे अर्धवट उघडले. "कोण... पाणीवाले?" जीभ जड होती. "बघा ना... मी या पायऱ्या... वर यायला निघालो तर..."

"बोलायचं नाही. आधी हे."

बाटलीत ग्लुकोज ओतून हलवलं आणि ओठांना लावलं. एक घोट घेतला. गिळला. मी गळ्याकडे बघत होतो, खाली गेला की नाही. दुसरा घोट.

"मुलगा काय म्हणेल..." त्यांनी सुरुवात केली.

"वहिनी म्हणाल्यात, आधी साखर."

"तिला सांगितलंत?" एवढ्या अवस्थेतही ते घाबरले. पुढची अर्धी बाटली त्यांनी मुकाट्याने प्यायली.

दहा-बारा मिनिटांनी त्यांच्या ओठांवर रंग आला. मी बिस्किटांचा पुडा फोडून हातात दिला. कोट अंगावर घातला. समोर धबधबा होता, तोवर माझ्या तो लक्षातच आला नव्हता.

"तुम्ही बसमध्ये नव्हता," मी म्हणालो, "आणि मी तुमची हजेरी दिली. न बघता. शेजारी झोपलंय म्हणून सांगितलं."

"मग? मी इथे झोपलोच होतो की."

"तुम्ही आहात असं समजून नाही सांगितलं. मला वाटलं..." आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. रविवारची बस, खिडकी, चारचा फोन, लोटून घेतलेलं दार, दोन कप चहा. कोणालाच असं सलग सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही. त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. बिस्किटसुद्धा चावायचं थांबवलं होतं.

संपल्यावर त्यांनी तोंडातलं बिस्किट गिळलं.

"माझ्या खुर्चीत एक गिऱ्हाईक गेलं," ते म्हणाले. "बावीस वर्षं झाली. दर मंगळवारी दाढीला यायचे. बसले, मान मागे टेकली, मी साबण लावला आणि बोलायला लागलो. अर्धी दाढी झाली. मी बोलतोय, बोलतोय. झोप लागली असेल म्हटलं, दाढी करताना लागते लोकांना, हात हलका असला की. मग गाल वळवायला गेलो तर मान..." त्यांनी हाताने दाखवलं. "किती वेळ मी त्या माणसाला माझ्या शेजाऱ्याच्या गटाराची भानगड सांगत होतो, देव जाणे."

"मग?"

"मुलाला बोलावलं त्यांच्या. तो आला, बघितलं, रडला. म्हणाला, काका, अर्धी राहिलीय ती पुरी करा. असं कसं न्यायचं? मग केली पुरी. तेव्हाही हात हलकाच ठेवला." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "तेव्हापासून माझी ही खोड. दर वाक्याला विचारतो. उत्तर आलं नाही की हातातलं काम सोडून तोंड बघतो. बायको म्हणते, वैताग आहे. आहेच. पण बावीस वर्षांनीही सुटत नाही."

ते एवढंच बोलले. तुमची चूक नव्हती, असं म्हणाले नाहीत. ते म्हणणारे मला पुष्कळ भेटले होते. आपलीही तीच चूक झाली आणि आपण पुढे काम करत राहिलो, असं सांगणारा हा पहिलाच.

जीप आली तेव्हा आम्ही चाळीस पायऱ्या हळूहळू चढून वर आलो होतो. वरच्या फाटकवाल्याने माफी मागितली. त्याची काहीच चूक नव्हती. खाली उतरताना एका वळणावर फोनला रेंज आली आणि सलूनवाल्यांनी घरी फोन लावला.

"अगं, जिवंत आहे. नाही, बिस्किटं नव्हती खाल्ली. हो. हो. अगं, ऐक तर. बरं." त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "माझं झालं. आता तुम्ही."

"भाऊ," वहिनी म्हणाल्या, "आभार मानू की रागावू?"

"दोन्ही करा."

"मग राग आधी." आणि त्यांनी मला पुरतं मिनिटभर झापलं. शेजारी माणूस आहे की कोट आहे एवढंही दिसत नाही का, डोळे काय कपाळावर घेऊन फिरता का, आणि तुमच्या भरवशावर माणूस पाठवायचा म्हणजे कमाल आहे. मी हो, हो करत ऐकलं. पाच महिने सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, जसा मीच आजारी आहे. कोणी मला असं घरच्यासारखं रागावलं नव्हतं. झापून झाल्यावर त्या म्हणाल्या, "खोटं सांगितलं नाहीत फोनवर, त्यामुळे वेळ वाचला. तुमचे उपकार आहेत." मग फोन ठेवला. त्या रडत होत्या की काय, कळलं नाही.

बसमधले सगळे खाली उभे होते. कोणी जेवलं नव्हतं. मी हात जोडून माफी मागितली. "चूक तुमची एकट्याची नाही," गाईडबाई म्हणाल्या. "मी गुडघ्याचे लाड करत दारातच उभी राहिले. नियम माझा आणि बघायचा कंटाळाही माझाच." कॅमेरावाले एक गृहस्थ मागून पुटपुटले की होडीची वेळ गेली, एवढ्या लांब येऊन होडी नाही. त्यांच्याच बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की ते कॅमेऱ्याचं झाकण पुसू लागले. मग सगळ्यांनी डबे उघडले. प्रत्येकाने सलूनवाल्यांपुढे काहीतरी सरकवलं, आणि मलाही. नको म्हटलं तर कोणी ऐकेना. मी त्या दिवशी जेवढं जेवलो तेवढं कित्येक महिन्यांत जेवलो नसेन.

तळ्यावर वीस मिनिटं मिळाली. पाणी जिथून आत घेतात तो गोल मनोरा काठापासून थोडा आत उभा होता, नकाशात बघितला होता तसाच, फक्त मोठा. मी काठावर बसून हात पाण्यात घातला. गार होतं. घरी नळाला येतं तेच, पण इथे ते कुठेही जात नव्हतं.

परतीला बाई दर थांब्यावर बाकांना धरत धरत मागपर्यंत आल्या आणि प्रत्येकाच्या खांद्याला हात लावला. तोवर पुढे त्यांच्या भावाने बस सुरू केली नाही.

आता सलूनवाल्यांना खरंच झोप लागली. पोट भरलेलं होतं, थकले होते. पहिल्या वळणाला त्यांचं डोकं काचेला टेकलं, तोंड उघडं पडलं. मी त्यांच्याकडे बघत बसलो. छाती वर येते का, खाली जाते का. कोटाचं वरचं बटण हलायचं, त्यावर नजर ठेवली. एका वळणावर ते हललेलं दिसेना, तेव्हा मी बोट त्यांच्या नाकापुढे धरलं. श्वास लागला बोटाला, गरम. मी हात मागे घेतला. पुढच्या वळणावर परत धरलं. पलीकडच्या बाकावरची म्हातारी बघत होती, पण बघू दे म्हटलं. दोन्ही बाजूंना डोंगरांच्या रांगा उभ्या होत्या. लोक खिडक्यांकडे वाकून एकमेकांना दाखवत होते. मी बटणाकडे बघत होतो.

तिसऱ्यांदा बोट धरलं तेव्हा सलूनवाले डोळे न उघडताच बोलले.

"जिवंत आहे हो. नाकात बोट घालाल माझ्या."

"तसं नाही, मी आपलं..."

"माहीतय. बघितलंत ना जवळून? झालं तर मग. आता जरा बाहेर बघा, पाणीवाले. दिवसभर काहीच बघितलं नाहीत."

ते खिडकीपासून जरा मागे सरकले, मला दिसावं म्हणून, आणि परत झोपले. मी त्यांच्या अंगावरून पुढे वाकलो. खाली तळं होतं, अख्खं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अर्ध्यावर डोंगराची सावली आली होती आणि अर्धं अजून उजेडात होतं. रस्ता वळला तरी ते दिसत राहिलं. मी बघत राहिलो.